सन १९८८ च्या तबकड्या आणि आमचे कान मिटलेले रसिक

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित मंडळींत पाश्चात्य लोकप्रिय संगीताविषयीं एक मत इतकें रूढ होऊन बसलें आहे कीं, त्याला पुरावा मागणें हाच आतां अडाणीपणा समजला जातो. तें मत असें : बीटल्स गेले, डिलन थकला, आणि १९८० नंतर जें उरलें तें यंत्रांचा खडखडाट, केसांचे मनोरे व चित्रफितींतील नाच. ज्यांनीं कॉलेजच्या दिवसांत चार तबकड्या ऐकल्या आणि त्यानंतर कानांस कुलूप लावून किल्ली विहिरींत टाकली, ते गृहस्थ हें मत मोठ्या अधिकारानें सांगतात. आणि त्यांचीं मुलें, ज्यांना मुळीं कुलूप कोठें आहे हेंहि ठाऊक नाहीं, तीं तेंच मत वडिलोपार्जित भांड्याप्रमाणें जपून ठेवितात. त्या मताविरुद्ध आम्ही आज लेखणी उचलीत आहों.

सबंध दशकाचें वकीलपत्र घेण्याची मात्र आमची इच्छा नाहीं. दशक हें पंचांगवाल्यांच्या सोईचें माप आहे, रसिकांच्या नव्हे. आम्ही एकच वर्ष घेतों, सन १९८८. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत लेनर्ड कोहेन याचा ‘आय’म युअर मॅन’ निघाला, एप्रिलांत ट्रेसी चॅपमन हिचा पहिलाच अल्बम, सप्टेंबरांत इंग्लंडांतील टॉक टॉक या मंडळीचा ‘स्पिरिट ऑफ ईडन’, ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या सॉनिक यूथचा ‘डेड्रीम नेशन’ हा दुहेरी अल्बम. आणि याच वर्षीं पब्लिक एनेमी यांचा तो लांबलचक नांवाचा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक’. त्या वर्षीं कचराहि निघाला काय? गाडीभर निघाला. परंतु कचरा कोणत्या वर्षीं निघत नाहीं? आक्षेपकांच्या लाडक्या १९६७ सालचा कचरा काळानें झाडून नेला आहे, इतकाच फरक.

आक्षेपकांचा सर्वांत आवडता मुद्दा यंत्राचा. त्याच्या समर्थनार्थ ते एक कथा सांगतात, आणि ती खरी आहे. ११ जून १९८८ रोजीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसाप्रीत्यर्थ मोठा जलसा झाला. मंडेला त्या वेळीं अजून तुरुंगांतच होते. स्टीव्ही वंडर याचें गायन व्हावयाचें, तों ज्या संगणकीय चकतींत त्यानें आपल्या वाद्यांचे स्वर सांठविले होते ती चकतीच ऐन वेळीं सांपडेना. वंडर रंगमंचावर न येतां परत गेला. मग वेळ भरून काढण्याकरितां, दुपारीं एकदां गाऊन गेलेली चॅपमन ही चोवीस वर्षांची मुलगी पुन्हां उभी करण्यांत आली. हातीं एक गिटार, दुसरें कांहीं नाहीं. तिचें ‘फास्ट कार’ त्या संध्याकाळीं अनेक देशांतील लोकांनीं ऐकिलें, अल्बमाचा खप एकाएकीं वाढला, आणि ऑगस्टांत तो अमेरिकेच्या यादीच्या शिरोभागीं जाऊन बसला. झालें! यंत्र फसलें आणि लांकूड-तार जिंकली, असें तात्पर्य काढून आक्षेपक टाळी मागतात.

आम्ही टाळी देत नाहीं. ज्या स्टीव्ही वंडरचें ‘टॉकिंग बुक’ व ‘इनरव्हिजन्स’ हे १९७२ व १९७३ सालचे अल्बम याच मंडळींस प्राणाहून प्रिय आहेत, ते कशावर तयार झाले? ‘टोंटो’ नांवाच्या, खोली व्यापून टाकणाऱ्या एका प्रचंड विद्युत्-वाद्यावर. म्हणजे १९७२ सालचें यंत्र सात्त्विक आणि १९८८ सालचें तामसी, असा कांहीं गुणभेद आहे काय? आणि चॅपमनचें सामर्थ्य यंत्राच्या अभावांत आहे म्हणावें, तर तिच्या तबकडीवर ढोल आहेत, बेस आहे, निर्मात्याचा नेटका हात आहे. एका गीतांत मात्र कांहींच नाहीं. शेजारच्या घरीं बाई मार खाते आहे, भिंतीपलीकडून किंकाळ्या ऐकूं येतात, आणि पोलिसांचा भरंवसा नाहीं, असें सांगणारें तें ‘बिहाइंड द वॉल’ केवळ कंठानें गाइलें आहे. तें ऐकतांना अंगावर कांटा येतो तो गिटार नाहीं म्हणून नव्हे. आमच्याहि भिंती तितक्याच पातळ आहेत म्हणून.

याउलट कोहेन पाहावा. मॉन्ट्रिऑलचा हा कवि त्या वर्षीं त्रेपन्न वर्षांचा होता. चारच वर्षांपूर्वीं त्याच्या कंपनीनें त्याचा ‘व्हेरिअस पोझिशन्स’ अमेरिकेंत प्रसिद्ध करण्याचें नाकारलें होतें. आणि आज ज्याच्या उठल्यासुटल्या आवृत्त्या निघतात तें ‘हॅलेलूया’ त्याच नाकारलेल्या अल्बमांत होतें! अशा मनुष्यानें गिटार खालीं ठेवून, मुलांच्या खेळण्यांत शोभावा असा स्वस्त कळफलक पुढ्यांत घेतला. जुने चाहते हळहळले. परंतु त्या टकटक करणाऱ्या निर्जीव ठेक्यावर त्याचा खोल गेलेला आवाज जेव्हां आपल्याच वार्धक्याची, आपल्याच वासनांची आणि सबंध जगाच्या भाव-बाजाराची थट्टा करूं लागतो, तेव्हां कळतें कीं ठेका निर्जीव आहे तो बुद्ध्याच. तेथें वीस व्हायोलिनें घातलीं असतीं तर थट्टेचें रडगाणें झालें असतें. लोर्काच्या कवितेवरून त्यानें केलेलें ‘टेक धिस वॉल्ट्झ’ हें त्याच अल्बमांत आहे. आक्षेपकांनीं निदान तेवढें ऐकावें. तें त्यांनाहि गोड लागेल.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, म्हणून तेथें आम्हांस जरा थांबावें लागेल. तो चोरीचा. पब्लिक एनेमींच्या तबकडीवर वाजणारें वाद्य बहुतांशीं कोणी समोर बसून वाजविलेलें नाहीं. जुन्या ध्वनिमुद्रिकांतून ठेका, किंकाळी, तुतारीची एखादी तान, भाषणाचें एखादें वाक्य असे तुकडे कापून, ते एकमेकांवर रचून तें उभें केलें आहे. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. हँक शॉक्ली, त्याचा भाऊ कीथ, एरिक सॅडलर आणि स्वतः गायक चक डी ही मंडळी ‘बॉम्ब स्क्वॉड’ या नांवानें हें काम करीत. त्या काळच्या एसपी-१२०० या प्रसिद्ध यंत्रांत सबंध मिळून सुमारें दहा सेकंदांचा आवाज मावे! दहा सेकंदांच्या चिंध्यांतून तासाभराची गोधडी शिवावयाची होती. आणि ती शिवतांना यांनीं स्वर जुळविण्याची नेहमींची काळजी घेतली नाहीं. उलट न जुळणारे तुकडे मुद्दाम शेजारीं बसविले. जेम्स ब्राऊनच्या वादकांच्या एका तबकडींतील सॅक्सोफोनची चिरकी त्यांनीं उचलली, आणि ती शिट्टी घातलेल्या किटलीप्रमाणें गाणेंभर ओरडत ठेविली. पहिल्यानें ऐकणाऱ्यास वाटतें, घरांत कांहीं तरी बिघडलें आहे. तेंच तर त्यांना सांगावयाचें होतें. त्यांच्या घरांत खरोखरच बिघडलें होतें. कोकेनची नवी स्वस्त जात अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या वस्त्यांतून वणव्यासारखी पसरली होती, आणि ‘नाइट ऑफ द लिव्हिंग बेसहेड्स’ हें गीत त्याच वणव्यावर आहे.

येथें आमच्याच बाजूच्या कांहीं उत्साही मित्रांनाहि दोन शब्द सांगणें भाग आहे. रॅप म्हणजे त्यांचा पोवाडाच, असें म्हणून ते मोकळे होतात. पोवाड्याचा शाहीर बहुधा होऊन गेलेला पराक्रम गातो. चक डी हा आजच्या सकाळचें वर्तमान ओरडून सांगतो. फार तर इतकें म्हणावें कीं, त्याच्या बाजूला गळ्यांत मोठें घड्याळ अडकवून माकडचेष्टा करणारा जो फ्लेव्हर फ्लेव्ह आहे, त्याचें नातें आमच्या तमाशांतील सोंगाड्याशीं लागेल. सोंगाड्या नसेल तर नायकाचा आवेश कानांस बोचूं लागतो, ही गोष्ट दोन्ही ठिकाणीं ओळखलेली आहे. असो.

तर चोरी. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुनीं संगीत नाटकांचीं पुस्तकें असतील त्यांनीं तीं उघडून पाहावीं. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एका गीताचें नांव छापलेलें आढळेल. १८८० सालच्या ‘शाकुंतला’पासून हा परिपाठ आहे, आणि तो पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांस चोर म्हणण्याचें धाडस आजवर कोणीं केलें नाहीं. यावर आक्षेपक म्हणतील, चाल घेणें वेगळें आणि प्रत्यक्ष वाजविलेला आवाज उचलणें वेगळें. हा भेद आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’ या तबकडीवर क्लाइड स्टबलफील्ड या वादकानें जो ठेका धरला, तो असंख्य रॅप गीतांचा पाया झाला, आणि १९८८ सालच्या या अल्बमाच्या रचनेंतहि त्याचा हात आहे. स्टबलफील्डला त्याबद्दल हक्काचें मानधन मिळालें नाहीं. २०१७ सालीं तो वारला. हा अन्याय आहे, आणि तो आम्ही झांकूं इच्छीत नाहीं.

परंतु चोरी-चोरी म्हणून ओरडणाऱ्यांनीं जो कायदा आणला त्यानें काय केलें तें पाहा. १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत बिझ मार्की या रॅपगायकाविरुद्ध निकाल लागला. न्यायाधीशानें बायबलांतील चोरीचा निषेध करणारी आज्ञा निकालाच्या आरंभींच घातली. तेव्हांपासून प्रत्येक तुकड्यास परवानगी आणि परवानगीस पैसा, असें ठरलें. तो पैसा गेला कोणाकडे? ज्यांच्या नांवें ती तबकडी व ते गीत होतें त्यांच्याकडे, म्हणजे बहुधा कंपन्यांकडे. ठेका धरणाऱ्याच्या हातीं पूर्वीं कांहीं नव्हतें, नंतरहि नाहीं. मात्र ज्या कलेंत एका गीतांत दहा-वीस तुकडे लागत, ती कला एका फटक्यांत श्रीमंतांची झाली. एक प्रसिद्ध तुकडा विकत घेऊन त्यावर गाणें बेतणें परवडूं लागलें, वीस अप्रसिद्ध तुकड्यांची वीण परवडेनाशी झाली. गरीब वस्तींतील चार पोरांनीं जुन्या तबकड्यांच्या ढिगाऱ्यांतून काढलेली एक नवी वाद्यविद्या अशा रीतीनें जन्मल्याला दहा वर्षें होतात न होतात तोंच मोडली गेली. वादकाच्या न्यायासाठीं ज्यांना खरीच तळमळ होती, त्यांनीं वादकाचा वांटा मागावयाचा होता. तो त्यांनीं मागितला नाहीं.

आजकाल याच तबकडीचा दाखला एक निराळाच पक्ष देऊं लागला आहे. संगणकाला जगांतील यच्चयावत् गाणीं चारून त्याजकडून नवीं गाणीं प्रसवून घेणारे लोक म्हणतात कीं, पब्लिक एनेमींनीं केलें तेंच आम्ही करीत आहों. हा दाखला आम्हांस मुळींच मान्य नाहीं. शॉक्ली बंधूंनीं हजारों तबकड्यांतून नेमका तोच तुकडा कां उचलला, याचें उत्तर त्यांच्या कानांत होतें, आणि तो कोठून आला हें जाणत्या श्रोत्यानें ओळखावें अशी त्यांची अपेक्षा होती. तुकडा म्हणजे त्यांच्या लेखीं पूर्वजांस दिलेली हाक होती. जेथें निवडणारा कान नाहीं आणि ओळख पुसून टाकणें हाच उद्योग आहे, तेथें बॉम्ब स्क्वॉडचें नांव घेऊं नये.

आतां आमच्या अगदीं आवडीच्या तबकडीकडे येतों. टॉक टॉक ही मंडळी १९८६ पर्यंत चांगली खपणारी होती. त्या खपाच्या जोरावर कंपनीनें त्यांना पैसा व मोकळीक दिली, आणि मार्क हॉलिस व टिम फ्रीझ-ग्रीन हे दोघे लंडनच्या वेसेक्स स्टुडिओंत महिनेच्या महिने जाऊन बसले. खोलींत अंधार, भिंतींवर तेलाच्या रंगीत छाया फिरविणारा दिवा, बाकी वेळेचा पत्ता नाहीं. वादक येत, काय वाजवावयाचें हें त्यांस धड सांगितलें जात नसे. सुचेल तें वाजवून ते जात. व्हायोलिन वाजविणारा नायजेल केनेडी आला, डॅनी टॉम्प्सन आपला मोठा बेस घेऊन आला, चेम्सफर्ड येथील कॅथीड्रलचे गायक आले. तासच्या तास ध्वनिमुद्रण झालें, त्यांतील बहुतेक टाकून दिलें गेलें, आणि जें उरलें त्यांतून एक-एक तुकडा वेंचून सहा गीतें रचलीं गेलीं. एकूण कांहीं चाळीस मिनिटांचा ऐवज.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या तबकडीस सर्वजण त्या वर्षांतील सर्वांत मानवी, सर्वांत सोंवळी म्हणतात, ती कापून-जोडूनच तयार झालेली आहे! बॉम्ब स्क्वॉडनें इतरांचें संगीत कापलें, हॉलिसनें आपल्या पाहुण्यांचें. एकानें तुकडे दाटीवाटीनें रचले, दुसऱ्यानें दोन तुकड्यांमधलें अंतर ऐकविलें. कारागिरी तीच आहे. एकीस यंत्राचा गोंगाट म्हणून हिणवावें आणि दुसरीस आत्म्याची शांति म्हणून ओवाळावें, याचा अर्थ इतकाच कीं ओवाळणाऱ्यास कारागिरी दिसलीच नाहीं.

या अल्बमाची पहिली बाजू म्हणजे तीन गीतांची अखंड धार आहे. आरंभीं जवळजवळ कांहींच घडत नाहीं. दूरवर एक तुतारी, मग कांहीं नाहीं, मग एखादा सूर येऊन टेकतो. ज्यांना बड्या ख्यालाच्या आलापींत गवई एका स्वरावर थांबला असतां अस्वस्थ न होण्याची संवय आहे, त्यांनीं तरी येथें घाबरूं नये. मग एकाएकीं हार्मोनिका फाटून ओरडते, ढोल कोसळतात, आणि पुन्हां शांतता येते. परंतु ती पहिली शांतता नसते. कंपनीच्या पदरीं विकावयाजोगें एकहि गाणें पडलें नाहीं. ब्रिटनच्या यादींत तबकडी एकोणिसाव्या जागेपर्यंत जाऊन उतरली, त्या मंडळीनें ती घेऊन कोठें दौरा केला नाहीं, आणि कंपनीशीं कराराविषयीं न्यायालयांत भांडण झालें. हॉलिसनें पुढें आणखी थोडेंच काम केलें व तो गप्प बसला. २०१९ सालीं त्याचें निधन झालें, तेव्हां ज्यांनीं १९८८ मध्यें ही तबकडी बाजूला सारली होती त्यांचेहि गळे दाटून आले.

मान-सन्मान वांटणाऱ्यांचें त्या वर्षीं काय झालें, हें आक्षेपकांनीं विसरूं नये. कारण त्यांचे कान आणि यांचे कान एकाच मापाचे होते. ग्रॅमी पारितोषिकांत १९८९ सालीं हार्ड रॉक व मेटल यांकरितां प्रथमच वेगळें पारितोषिक ठेविलें गेलें. तें मेटॅलिका या संघास ‘अँड जस्टिस फॉर ऑल’बद्दल मिळणार, अशी सर्वांची अटकळ. मिळालें तें जेथ्रो टलला. म्हणजे बासरीवाल्या जुन्या, सभ्य, ओळखीच्या मंडळीला! पुढच्याच वर्षीं हार्ड रॉक व मेटल यांची फारकत करून मेटॅलिकाला ‘वन’ या गीताबद्दल पारितोषिक देऊन परिमार्जन करण्यांत आलें. युद्धांत हातपाय, डोळे, वाचा सर्व गमावून केवळ जाणीव उरलेल्या शिपायाचें तें गीत डाल्टन ट्रंबोच्या १९३९ सालच्या कादंबरीवरून सुचलेलें आहे. (या अल्बमांत बेसचा आवाज जवळजवळ ऐकूंच येत नाहीं, हा दोष मात्र खरा.) रॅपचें पारितोषिकहि त्याच समारंभांत प्रथम दिलें गेलें, परंतु तें दूरचित्रवाणीवर दाखविण्याच्या योग्यतेचें समजलें गेलें नाहीं, म्हणून कित्येक रॅपवाल्यांनीं समारंभावर बहिष्कार घातला.

राहतां राहिला सभ्यतेचा प्रश्न. मुलांच्या कानीं असलें कांहीं पडूं नये, ही आईबापांची काळजी आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. एन. डब्ल्यू. ए. या लॉस एंजेलिसकडील मंडळीचा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ १९८८ सालचाच गणला जातो. त्यांत स्त्रियांविषयीं जी भाषा आहे तिचें समर्थन आम्ही करणार नाहीं, आणि कलेच्या नांवाखालीं तें कोणी करूं नये. पब्लिक एनेमींच्या प्रोफेसर ग्रिफनें १९८९ सालीं ज्यू लोकांविषयीं काढलेले उद्गार निंद्यच होते, आणि त्या प्रसंगीं त्या संघानें दाखविलेली चलबिचलहि शोभादायक नव्हती. परंतु पोलिसांवरील ज्या गीताबद्दल १९८९ च्या ऑगस्टांत एफ. बी. आय. च्या अधिकाऱ्यानें कंपनीस नाराजीचें पत्र धाडलें, त्या गीतांतील गाऱ्हाणें काय होतें? पोलिस काळ्या पोरांना रस्त्यांत अडवून मारतात, हें. १९९१ च्या मार्चांत रॉडनी किंग यास पोलिसांनीं बडविलें तें एका माणसानें चित्रफितीवर टिपलें, आणि पुढच्या वर्षीं ते पोलिस निर्दोष सुटतांच तें शहर पेटलें. जें तीन वर्षांपूर्वीं शिवीगाळ म्हणून गणलें गेलें, तें आतां साऱ्या देशानें डोळ्यांनीं पाहिलें. शिवी कानाआड करण्याची बुद्धि ठीक. तिच्याबरोबर साक्षहि कानाआड केली गेली, ही तक्रार आहे.

‘डेड्रीम नेशन’विषयीं थोडक्यांत सांगतों, कारण सॉनिक यूथच्या गिटारींच्या विचित्र जुळणीचें वर्णन शब्दांनीं होत नाहीं. एवढीच गंमत सांगण्यासारखी आहे कीं, न्यूयॉर्कच्या ज्या ग्रीन स्ट्रीट स्टुडिओंत पब्लिक एनेमींचें काम चाले, तेथेंच आणि तेथल्याच निक सॅन्सानो या तंत्रज्ञाच्या हातून हा अल्बम निघाला. एका भिंतीआड काळ्यांचें रॅप आणि गोऱ्यांचा गिटारघोष. आणि आमचे आक्षेपक दोन्हींस गोंगाट म्हणून एकाच पोत्यांत भरतात. त्यांच्या हातून एवढी एकी तरी साधली.

आणि ही सर्व दूरदेशची गोष्ट, असेंहि कोणी म्हणूं नये. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्कांच्या दौऱ्यांत ३० सप्टेंबर १९८८ रोजीं ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रिएल, सेनेगलचा यूसू एन्दूर आणि हीच ट्रेसी चॅपमन दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर गाऊन गेलीं. आमच्या हातीं मात्र त्या वर्षींच्या तबकड्या कॅसेटींच्या रूपानें एक-एक करून, कांहीं तर फार उशिरां आल्या. आज एका बोटाच्या स्पर्शानें सर्व मिळतें. फक्त तुकड्यांनीं मिळतें, आणि यंत्र आपणहून पुढचें गाणें दुसऱ्याच कोणाचें लावतें. टॉक टॉकच्या तीन गीतांची ती धार अशा रीतीनें पहिल्या नऊ-दहा मिनिटांवरच तुटते, आणि ऐकणारा म्हणतो, यांत कांहींच घडलें नाहीं.

आमच्या या लेखास कोणाला उत्तर लिहावयाचें असल्यास त्यानें अवश्य लिहावें. मात्र त्यापूर्वीं ‘स्पिरिट ऑफ ईडन’ची पहिली बाजू दिवा मालवून, मध्यें न उठतां, एकदां सबंध ऐकावी. तेवीस मिनिटें लागतात.